चालत्या गाडीला मागून हाक नको

बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. घरातली म्हातारी माणसे त्याला अपशकुन म्हणत. शकुन-अपशकुनाचे राहू द्या. पण त्यामागे एक व्यवहार होता. कामाला निघालेल्या माणसाचे लक्ष पुढे असावे, त्याला उगाच मागे वळायला लावू नये, हा तो व्यवहार. आज हाक मारायला दारात उभे राहावे लागत नाही. खिशातला फोन काढला की दहा कोसांवरच्या माणसाला हाक पोचते. आणि पुष्कळदा ती नेमकी तो उसाची गाडी चालवीत असतानाच पोचते. गळिताच्या दिवसांत या विषयावर चार शब्द स्पष्टपणे लिहावेत, असे आम्हांस वाटले.

विषय तरुण चालकांचा आहे. आपल्या रस्त्यांवर हंगामात ट्रॅक्टर चालविणारी बहुतेक मंडळी विशी-पंचविशीतली. काही सभासदांचीच मुले, काही वाहनमालकाकडे महिन्याने राहिलेली, काही तोडणीच्या टोळ्यांबरोबर मराठवाड्यातून आलेली. "या पोरांचं ध्यान जाग्यावर नसतं, सारखा तो मोबाईल!" ही तक्रार पारावर, सोसायटीत आणि काट्यापाशी रोज ऐकू येते. तक्रार खोटी नाही, पण ती अर्धी आहे. चालत्या गाडीत वाजणारा फोन कोणीतरी लावलेला असतो. तो कोण लावतो याचा विचार केल्याशिवाय नुसती पोरांना बोल लावून काही निष्पन्न होणार नाही. आमचे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर इतकेच, की फोन घेणाऱ्याला शहाणपण शिकविण्याच्या आधी फोन लावणाऱ्याने हात आवरावा.

एका खेपेला किती हाका?

फडापासून काट्यापर्यंतचे अंतर वीस किलोमीटर धरा. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टरला ही वाट कापायला तासाहून अधिक वेळ लागतो. एवढ्या वेळात त्या पोराला कोणाकोणाचे फोन येतात ते पाहा. पहिला मुकादमाचा: "रिकामा होऊन कवा येतोस? टोळी बसून राहिलीय." दुसरा ज्याचा ऊस आहे त्या सभासदाचा: "आरं, कुठवर आलास? वजन झालं का?" तिसरा गाडीमालकाचा: "डिझेल किती उरलंय? दुसऱ्या खेपंला पुरंल का?" चौथा यार्डातल्या दोस्ताचा: "लवकर ये, लाईन वाढाय लागलीय." आणि पाचवा घरून आईचा किंवा बायकोचा: "जेवलास का?"

यातला एकही माणूस त्या पोराच्या वाईटावर नाही. प्रत्येकाला आपले काम आहे, काळजी आहे. पण पाच जणांची काळजी एकाच पोराच्या कानाशी येऊन वाजते आणि तीही तो ओढ्याच्या अरुंद पुलावरून वीस-बावीस टनांची गाडी काढीत असताना. फोन उचलला नाही तर "उचलत न्हाई, माजलाय" म्हणून बोलणी बसतात. मालक रागावेल, मुकादम दुसरी गाडी लावील, ही धास्ती असते. तेव्हा तो एका हाताने स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्याने पँटीच्या खिशातून फोन ओढून काढतो. रस्त्यावरून नजर जाते ती तेव्हा.

सभासदाची घालमेल आम्ही जाणतो. तुटलेला ऊस फडात किंवा गाडीत पडून राहिला तर वाळतो, वजन घटते, आणि वर्षभराच्या कष्टाला कात्री लागते. म्हणून तो विचारतो. परंतु शांतपणे पाहिले तर चालकाला चालत्या गाडीत फोन केल्याने ऊस एक मिनिटही लवकर पोचत नाही. गाडी आहे तेथेच असते, रांग आहे तेवढीच असते. वजनाचे म्हणाल, तर आता पुष्कळ कारखान्यांतून वजन होताच सभासदाच्या मोबाईलवर संदेश येतो. म्हणजे जी माहिती आपोआप मिळणार आहे, तिच्यासाठी एका पोराचे लक्ष रस्त्यावरून काढण्यात कोणाचाच फायदा नाही.

सऱ्यांचा हिशेब

"एक मिनिट बोललो तर काय झालं?" असे विचारणारे भेटतात. त्यांना आपण शेतातल्याच मापाने उत्तर देऊ.

ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने जाणारा ट्रॅक्टर एका सेकंदात सुमारे अठरा फूट पुढे जातो. फोन कोणाचा आला एवढे पाहायला तीन सेकंद लागले, तर गाडी पंचावन्न फूट पुढे गेली. साडेचार फुटी सरी धरली तर बारा सऱ्या झाल्या. बारा सऱ्यांचे रान त्या पोराने डोळे मिटून ओलांडले, असाच त्याचा अर्थ. मोटारसायकलचे आणखी वाईट. ताशी साठच्या वेगाने पाच सेकंद नजर खाली गेली की दोनशे सत्तर फुटांवर अंतर जाते, म्हणजे साठ सऱ्या. साठ सऱ्यांच्या पट्ट्यात शाळेतून सुटलेले पोर येते, बांधावरून म्हैस येते, शेळ्यांचा कळप येतो, वळणावर उभी राहिलेली बिघडलेली ट्रॉली येते.

बैलगाडीच्या काळात गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल घर गाठत. जनावराला वाट ठाऊक असे, खड्डा दिसे, समोरून दुसरी गाडी आली तर ते आपणहून बाजूला होई. म्हणजे गाडीवानाच्या दोन डोळ्यांखेरीज बैलांचे चार डोळे रस्त्यावर असत. ट्रॅक्टरला शंभर बैलांचे बळ असेल, पण डोळा एकही नाही. सगळे पाहणे त्या एका पोराच्या माथी आहे.

त्यातून ट्रॅक्टर हे यंत्र रस्त्यापेक्षा रानासाठी घडविलेले. त्याला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात, कारण शेतात जागेवर वळायला ते लागतात. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावून घ्यायची असते. ती राहून गेली आणि दचकून एकच पेडल दाबले गेले, तर गाडी एका बाजूला ओढली जाते. ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. पुढे ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि मागचा वीस टनांचा भार त्याला पुढे ढकलीत राहतो. अशा गाडीला थांबायला अंतर लागते आणि ते अंतर मिळते फक्त आधी पाहणाऱ्याला. ज्याचे लक्ष क्षणभर फोनकडे गेले, त्याला ते मिळत नाही. मग तो दचकून ब्रेक दाबतो, स्टिअरिंग ओढतो आणि गाडी चारीत पडते, किंवा त्याहून वाईट होते.

नव्या हाताला धोका जास्त

"आमचा पोरगा लहानपणापासून ट्रॅक्टर चालवतो, पट्टीचा डायव्हर हाय," असे अभिमानाने सांगणारे वडील पुष्कळ आहेत. हाताची सफाई असेल, ती आम्ही नाकारीत नाही. पण रानात नांगर धरणे वेगळे आणि रहदारीत दोन ट्रॉल्या नेणे वेगळे. जुन्या चालकाला कोठे काय निघेल याचा अंदाज असतो. एस.टी. थांब्याला लागली की तिच्या पुढून कोणीतरी पळत येणार, हे त्याला न पाहता कळते. नव्या चालकाला ते पाहावे लागते, म्हणून त्याची नजर हलणे अधिक महाग पडते.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे नव्याने परवाना मिळालेल्या तरुणांच्या आणि अनुभवी चालकांच्या मोटारींत कॅमेरे बसवून पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. नवा चालक फोनवर नंबर लावीत असताना अपघाताचा किंवा थोडक्यात चुकलेल्या अपघाताचा धोका सुमारे आठपट वाढलेला आढळला. अनुभवी चालकाच्या बाबतीत तोच धोका सुमारे अडीचपट होता. आणि विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की नव्या चालकाने फोन घेण्यासाठी नुसता हात लांब केला, तरीसुद्धा धोका सातपट वाढत होता. बोलणे तर पुढेच राहिले. म्हणजे "तो उचलणार न्हाई, मी नुसता मिसकॉल देतो," ही पळवाटही उपयोगाची नाही. घंटा वाजली की हात जातोच.

"मग कानात यंत्र घालून बोलला तर? दोन्ही हात मोकळे असतात की!" हाही प्रश्न येतो. १९९७ साली कॅनडातील टोरंटो शहरात ६९९ चालकांच्या फोनची बिले आणि त्यांच्या अपघातांच्या वेळा ताडून पाहण्यात आल्या. फोन वापरताना अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो असे दिसले आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने त्यात सुधारणा होते असे काही आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते. कारण उघड आहे. फोनवर मुकादम ओरडत असेल तर हात स्टिअरिंगवर असले तरी मन फडात गेलेले असते. डोळ्यांना दिसते, पण ते मनापर्यंत पोचत नाही. शेजारी बसलेला माणूस समोर वळण आले की बोलायचा थांबतो. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नाही, तो बोलतच राहतो.

हे अभ्यास मोटारींचे आहेत, हे खरे. पण आपल्या पोरांच्या मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या आहेत. तेव्हा आपण त्याहून अधिक जपावयास पाहिजे.

फोनखेरीज आणखी दोन गोष्टी लक्ष खेचतात. एक, ट्रॅक्टरवरचा डेक. रात्रीच्या खेपेला गाण्याने जाग राहते, असे पोरे सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. पण आवाज इतका मोठा असतो की मागून ओलांडू पाहणाऱ्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही. मग गाणे बदलण्यासाठी पुन्हा हात आणि नजर. दुसरी गोष्ट, मडगार्डवर बसलेले दोस्त. एक बसला तर गप्पा होतात, दोन बसले की चेष्टामस्करी आणि शर्यत. तेथून घसरलेला मुलगा थेट मागच्या चाकाखाली जातो, हे बसणाऱ्यालाही ठाऊक असते आणि बसविणाऱ्यालाही. तरी सोबतीच्या भरात भान राहत नाही. मडगार्ड बसण्यासाठी केलेले नाही.

रिफ्लेक्टर आणि मोटारसायकल

दर हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर आणि लाल फडकी लावण्याची मोहीम होते. ती चांगली आहे, ती आणखी कडक व्हावी. पण रिफ्लेक्टर दिसायला मागून येणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असावे लागतात. रात्री मोटारसायकलवर हनुवटीखाली फोन धरून, किंवा एका हाताने मेसेज पाहत येणाऱ्या पोराला रिफ्लेक्टर दिसत नाही आणि ट्रॉलीही दिसत नाही. उसाची टोके ट्रॉलीबाहेर आलेली असतात, ती नेमकी त्याच्या छातीच्या उंचीवर.

ही मोटारसायकलवरची पोरे कोणाची? बहुतेक तुमच्या-आमच्या घरची. बिल जमा झाले की गाडी घेऊन दिलेली असते. कॉलेजला जायला एस.टी. वेळेवर नाही, दूध डेअरीला घालायचे असते, रात्री मोटार चालू करायला मळ्यात जायचे असते, या गरजा खऱ्या आहेत. त्यामुळे गाडी देऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. पण गाडी देताना चावीबरोबर एक अट द्यावी. फोन वाजला तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबायचे, नाहीतर वाजू द्यायचा. आणि बापाने त्याच अटीने स्वतः वागावे. पाठीमागे बसलेल्या पोराने आपल्या बापाला खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून गाडी चालवताना पाहिले असेल, तर त्या पोराला कोणाचेही भाषण लागू पडणार नाही.

आकड्यांनीच पटत असेल त्यांच्यासाठी थोडे आकडे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी महाराष्ट्रातील माणसे पंधरा हजारांहून अधिक. देशभरातील बळींमध्ये दर तीन माणसांत दोन माणसे अठरा ते पंचेचाळीस या वयातील होती. म्हणजे घराचा कर्ता किंवा उद्याचा कर्ता. फोनमुळे किती गेले याची वेगळी नोंद होते, पण तो आकडा खऱ्यापेक्षा कमीच असणार. मेलेला माणूस सांगायला येत नाही आणि जगलेला कबूल करीत नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. वाहन चालविताना हातात फोन धरून वापरणे हे आता धोकादायक रीतीने वाहन चालविण्यात मोडते. पहिल्याच गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ सालीच राज्यांना कळविले आहे. हंगामाच्या ऐन भरात चालकाचा परवाना तीन महिने गेला तर गाडीचा हप्ता कसा फिटणार, याचा हिशेब वाहनमालकांनी करावा.

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे. परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाच्या हातून वाहन चालवताना गुन्हा घडला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत परवाना मिळत नाही. "मला ठाऊक नव्हतं," हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच येते. परवाना नसलेल्या मुलाच्या हातून दुसऱ्याचा जीव गेला, तर विमा कंपनीने दिलेली भरपाई ती पुढे मालकाकडून वसूल करू शकते. अशा वेळी शेतावर बोजा चढतो. एकरभर ऊस विकून फिटणारी ती रक्कम नसते.

पण कायद्याची भीती दाखविणे हा आमचा उद्देश नाही. दंड भरून सुटता येते. ज्या घरचा पोरगा जातो ते घर सुटत नाही. आणि ज्या पोराच्या हातून शाळेतले लेकरू चाकाखाली गेले, तो पोरगा जिवंत राहूनही पुढे कधी माणसांत येत नाही. दोन्ही घरे आपल्याच पंचक्रोशीतली, बहुधा एकाच कारखान्याची सभासद. लग्नकार्यात एकमेकांकडे जेवणारी. हे नुकसान कोणत्या ताळेबंदात मांडणार?

दोष एकट्या पोराचा नाही

थोडे चालकाच्या बाजूनेही पाहावयास पाहिजे. त्याला बहुतेक ठिकाणी खेपेवर पैसे मिळतात. खेप जितकी लवकर, तितकी कमाई. यार्डात नंबर यायला रात्र जाते. थंडीत ट्रॉलीखाली गोधडी टाकून झोपायचे, मध्येच रांग सरकली की उठून गाडी पुढे घ्यायची. पहाटे ऊस खाली करून तोंडावर पाणी मारायचे आणि पुन्हा फडाकडे निघायचे. ज्याची झोप झाली नाही असा पोरगा जाग राहावी म्हणून फोनवर बोलतो, गाणी लावतो, व्हिडिओ बघतो. म्हणजे आपण ज्याला चाळा म्हणतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा झोप आहे. झोपेची सोय न करता फोन ठेव म्हणणे हा अर्धाच उपाय होईल. संचालक मंडळाने याचाही विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

"फोन नसला तर एवढी वाहतूक चालायची कशी?" असाही सवाल आहे. आपल्या राज्यात सहकारी साखर कारखानदारी १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी सुरू झाली. त्यानंतरची पन्नास वर्षे चिठ्ठीवर, सायकलवरच्या निरोपावर आणि गट ऑफिसच्या फळ्यावर कारखाने चालले, उसाचा शेवटचा कांडा गाळला गेला. त्या दिवसांकडे परत जा असे कोणी म्हणत नाही. फोनने सोय झाली आहे, ती राहावी. फक्त चाक फिरत असताना ती नको. गाडी उभी असताना हवे तेवढे बोलावे.

काय करता येईल

आमच्या मते पुढील गोष्टी याच हंगामात, फारसा खर्च न करता सुरू करता येतील.

१. सभासदाने भरलेली गाडी फडातून निघाल्यावर चालकाला फोन करू नये. चौकशी करावयाची असल्यास गट ऑफिसला किंवा गाडीमालकाला करावी.

२. प्रत्येक खेपेला चालकाने दोनच फोन करावेत. एक फडातून निघताना, गाडी सुरू करण्यापूर्वी. दुसरा यार्डात गाडी उभी केल्यावर. मुकादम, मालक आणि सभासद यांनी या दोन फोनांवर भागवावे. वाटेत गाडी बिघडली तर चालक स्वतः फोन करीलच.

३. गाडी चालू असताना फोन आवाज बंद करून टूलबॉक्समध्ये ठेवावा, खिशात नको. नजरेआड असला की हात जात नाही. आईने, बायकोने फोन केला तर "गाडी लावल्यावर बोलतो," हे आधीच सांगून ठेवावे. घरच्यांना ते कळते.

४. तोडणी-वाहतुकीच्या करारात चालकाचे नाव, वयाचा दाखला आणि परवान्याची प्रत जोडणे सक्तीचे करावे. गाडी चालवताना फोन वापरणार नाही आणि मडगार्डवर कोणास बसविणार नाही, अशी अट त्यात घालावी. मध्येच चालक बदलला तर शेतकी खात्याला कळवावे.

५. यार्डात किती गाड्या आहेत आणि नंबर कितीवर आला आहे, याचा संदेश कारखान्याने ठरावीक वेळाने गाडीमालकांना पाठवावा. म्हणजे रांगेची चौकशी करण्यासाठी रस्त्यावरच्या चालकांनी एकमेकांना फोन लावण्याचे कारण उरणार नाही.

६. चालकांसाठी यार्डाजवळ निवाऱ्याची, गरम पाण्याची आणि चार तास सलग पाठ टेकण्याची सोय करावी. रांग सरकविण्यासाठी पाळीपाळीने माणूस ठेवावा. यात खर्च आहे, पण एका अपघाताच्या मानाने तो काहीच नाही.

७. ज्या गाडीचा चालक हंगामभर या नियमांप्रमाणे वागला, त्याचा हंगामाच्या सांगतेला सत्कार व्हावा. जास्तीत जास्त टन वाहिल्याबद्दल आपण फेटा बांधतो. एकही अपघात न करता वाहिल्याबद्दलही बांधावा.

८. गावातील शाळा-कॉलेजांतून हंगामाच्या सुरुवातीला अनुभवी चालकांनी मुलांशी बोलावे. पंचवीस हंगाम काढलेल्या चालकाचे दोन शब्द मुले साहेबाच्या भाषणापेक्षा अधिक मानतात.

यातील पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिला ना ठराव लागतो, ना मंजुरी. ती प्रत्येक सभासदाच्या बोटात आहे. बाकीच्या सूचना येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे विषय म्हणून याव्यात. आपल्या सभेत उसाच्या दरावर तास-दीड तास चर्चा होते आणि ती व्हावीच. त्याच सभेत ऊस वाहणाऱ्या पोरांसाठी पंधरा मिनिटे काढली तर दर कमी होणार नाही.

सहकार म्हणजे काय, हे आपण दरवर्षी भाषणांतून ऐकतो. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात न घालणे, हा त्याचा अगदी साधा अर्थ आम्हांस वाटतो. आपला ऊस ज्याच्या गाडीत आहे, तो पोरगा त्या तासाभरापुरता आपलाच आहे, मग तो शेजारच्या गल्लीतला असो की बीड जिल्ह्यातल्या वाडीवरचा. त्याची आई गावाकडे हंगाम संपायची वाट पाहत बसलेली आहे.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, आज रात्री गाडी भरून निघाली की घरी या, हातपाय धुवा, भाकरी खा आणि निवांत पडा. वजनाचा संदेश येईल तेव्हा येईल. त्या पोराला वाट पाहू द्या, वाटेकडे पाहू द्या. त्याला मागून हाक मारू नका, एवढीच नम्र विनंती.